तितिक्षा कोणाची?

असाध्य व्याधीने अंथरुणास खिळलेल्या मनुष्याच्या वेदना तीव्र औषधाने शमवाव्यात की नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. परंतु घरोघरी तो धर्माचा प्रश्न होऊन बसतो. डॉक्टर मॉर्फीन लिहून देतात आणि वडीलधारी मंडळी ते देण्यास कचरतात. औषधाची चटक लागेल, मरण लवकर ओढवेल, अंतकाळी शुद्ध हरपून मुखी भगवंताचे नाम येणार नाही, असे त्यांचे तीन आक्षेप असतात. चौथा विचार बहुधा कोणी बोलून दाखवीत नाही : प्रारब्धाचा भोग भोगूनच सरावा. हे सारे श्रद्धेतून व मायेतून आलेले असल्यामुळे त्याची हेटाळणी करणे आम्हांस अनुचित वाटते. त्याचा नीट विचार झाला पाहिजे.

पहिल्या दोन आक्षेपांचे उत्तर वस्तुस्थितीच देते. मॉर्फीन हे अफूच्या बोंडाच्या चिकातून निघते. ती अफू आपल्या माळव्यातच, नीमच-मंदसौरकडील शेतांत, सरकारी परवान्याने पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे रुग्णांना हे औषध मिळणे दुरापास्त झाले. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ती वाट बरीच सोपी केली. वेदनेच्या मानाने पायरीपायरीने औषध चढवीत जाण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगासाठी १९८६ साली घालून दिली. त्या रीतीने, थोड्या मात्रेपासून आरंभ करून दर चार तासांनी नेमाने पोटात दिलेल्या मॉर्फीनने अशा रुग्णास व्यसन जडणे विरळा, आणि योग्य मात्रेने मृत्यू ओढवतो ही भीतीही निराधार आहे. अल्प मात्रेत ते धापही कमी करते. आरंभी येणारी गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहते, म्हणून सोबत सोनामुखीसारखे रेचक द्यावेच लागते. मूत्रपिंडे क्षीण झाली असतील तर मॉर्फीनचे अंश शरीरात साठतात. तेव्हा डॉक्टर मात्रा घटवितात किंवा फेंटानिलसारखे दुसरे औषध निवडतात. म्हणून ही निवड जाणत्या डॉक्टरांच्याच हातची असावी.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंतकाळीच्या स्मरणाचे महत्त्व गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, हे आपण सारेच जाणतो. परंतु ज्याचे सर्व चित्त वेदनेने व्यापले आहे, त्यास नामासाठी चित्त उरते कोठे? पुष्कळदा वेदना शमल्यावरच रोगी नातवंडांस ओळखतो व हाती जपमाळ धरतो. तथापि नेहमी असे घडत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कधी अखेरच्या दिवसांत तगमग अशी असते की मिडाझोलामसारख्या झोप आणणाऱ्या औषधावाचून उतार पडत नाही. तेथे शुद्धी की शांती, अशी खरोखरीच निवड करावी लागते. ती करावी कोणी?

येथे तितिक्षेचा दाखला दिला जातो. 'विवेकचूडामणी'त प्रतिकार न करता व विलाप न करता दुःख साहणे, असे तिचे लक्षण केले आहे. परंतु हे लक्षण मुमुक्षूच्या साधनसंपत्तीत सांगितले आहे. ते ज्याचे त्याने अंगी बाणवावयाचे साधन आहे. एकाने व्रत घ्यावे व दुसऱ्याच्या देहाने ते पाळवावे, असे त्यात कोठेही नाही. शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे दुर्योधनाने शल्य काढणारे कुशल वैद्य आणले, तेव्हा भीष्मांनी त्यांचा सन्मान करवून त्यांना परत पाठविले. मात्र वैद्य त्यांच्यापुढे आणले गेले होते, आणि नकार त्यांनी स्वमुखाने दिला. त्याच भीष्मांनी उशी मागितली, पाणीही मागितले. काय साहावे आणि काय मागावे, हे ज्याची शय्या होती त्यानेच ठरविले.

म्हणून आमचे मत असे की, रोग्यास वेळीच, तो शुद्धीवर असताना, विचारावे. कोणास दूरदेशीचा मुलगा येईपर्यंत जागे राहावयाचे असते, त्यासाठी तो थोडी कळ सोसेल. कोणास केवळ रात्रीची झोप हवी असते. दोघांची इच्छा सारखीच आदरणीय. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबविण्याच्या बाबतीत आधी लिहून ठेवलेली इच्छा सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली मान्य केली आहे; वेदनेच्या बाबतीत तर घरातले प्रेमाचे दोन शब्दही पुरतात. रोगी बोलू शकत नसेल, तर त्याचा स्वभाव ओळखणाऱ्यांनी त्याची इच्छा सांगावी. तीही न कळल्यास वेदना शमविणे हाच दयाधर्म होय.

त्याच्या उशाशी बसून नाम घेण्यास आपणांस कोणाची आडकाठी आहे? त्याच्या वाटचे नाम आपण घ्यावे. त्याच्या वाटची कळ मात्र त्याने किती सोसावी, हे आपण ठरवू नये.