दुखणे हा भोग आहे काय?



आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, घरातला देव्हारा काढला. परंतु पुष्कळ घरांतून एक शब्द अद्याप निघालेला नाही. तो शब्द म्हणजे 'भोग'. घरात कोणी अंथरुणाला खिळले, दुखणे महिना-दोन महिन्यांत हटले नाही, की बुद्धाच्या प्रतिमेसमोर रोज मेणबत्ती लावणाऱ्या घरातही कोणी ना कोणी म्हणतेच, "काय करावं बाई, भोग हायेत. भोगल्याबिगर सुटका न्हाई." या शब्दाचा अर्थ आपण कधी नीट तपासला आहे काय?

मी येथे पाठीच्या दुखण्याविषयी लिहिते. एक तर ते मी स्वतः सोसले आहे. ('भोगले' असे मी मुद्दामच म्हणत नाही.) दुसरे असे, की आपल्या समाजाच्या वाट्याला जी कामे आली त्या कामांचे हे खास दुखणे आहे. आणि तिसरे, या दुखण्याला 'भोग' हा शब्द फार लवकर चिकटतो. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेला हात प्लास्टरमध्ये दिसतो. पाठ दुखणारा माणूस मात्र वरून धडधाकट दिसतो. म्हणून लोक दोहोंपैकी एक म्हणतात: एक तर हा नाटक करतो, नाही तर याचे मागचे काही तरी फिटते आहे.

आधी शरीराचे पाहू. पाठीच्या कण्यात 33 मणके असतात. खालचे नऊ एकमेकांत जुळून गेलेले, वरचे 24 सुटे. मणक्यांच्या मधोमध 23 गाद्या असतात. आत ओलसर गर आणि भोवती चिवट धाग्यांचे कडे. हे कडे कालांतराने चिरले की गर बाहेर येतो आणि शेजारून जाणारी शीर दाबतो. मग कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. आपल्याकडे यालाच 'मणक्यात गॅप आली' किंवा 'गादी सरकली' म्हणतात. पायात उतरणाऱ्या या कळेचे मूळ सरकलेल्या गादीत असते, हे अमेरिकेतील बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी 1934 साली दाखवून दिले. म्हणजे या ज्ञानाला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. दैवाच्या नावावर दुखणे मांडण्याची सवय मात्र हजारो वर्षांची आहे. तेव्हा ती एका पिढीत सुटत नाही, याचे मला नवल वाटत नाही.

माझी कमरेतली चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली. परभणीहून शाळेच्या गावी रोजचे अप-डाऊन, वर्गात दिवसभर उभे राहणे, घरी पाण्याच्या घागरी. आणि त्याआधी बालपणात आईबरोबर केलेली कापसाची वेचणी. यांपैकी नेमके कोणते कारण, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी एकच कारण सांगितले नाही. ओझे, धक्के, वय, अनुवंश, असे अनेक धागे एकत्र येतात म्हणाले. बहुतेकांचे हे दुखणे शस्त्रक्रियेशिवाय, काही आठवड्यांत कमी होते. माझे झाले नाही. डावे पाऊल उचलेना, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, तेव्हा शस्त्रक्रिया झाली. पायातली कळ त्याच दिवशी गेली. पाठीतले दुखणे थोडे राहिले, ते आजही आहे. शस्त्रक्रिया शिरेवरचा दाब काढते, झिजलेली पाठ नवी करून देत नाही, हे मला आधीच सांगितलेले होते.

अंथरुणावर असताना भेटायला माणसे आली, मायेने आली. कोणी म्हणाले, पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घे. कोणी उतारा सुचविला. एका वृद्ध आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवीत म्हटले, "लेकरा, मागल्या जन्मी कुणाची तरी पाठ मोडली असशील तू." त्यांच्या मनात काडीचाही दुष्टावा नव्हता. पण त्या गेल्यावर रात्रभर मला कळेपेक्षा ते वाक्यच अधिक बोचत राहिले.

आत्याबाईंना ठाऊक नसेल, पण हेच वाक्य बौद्ध वाङ्मयातही शिरलेले आहे. तथागतांची पाठ दुखत असे, हे मूळ सुत्तांत स्पष्ट आहे. पुढे केव्हा तरी कोणाला प्रश्न पडला असावा, की बुद्धाची पाठ दुखावीच का? 'अपदान' या ग्रंथात त्याचे उत्तर दिलेले आढळते. पूर्वजन्मी कुस्ती खेळताना त्यांनी एका मल्लाला जायबंदी केले होते, त्याचे हे फळ! कोणी भिक्खू किंवा कोणी पंडित हे आपल्याला सांगेल, तेव्हा गोंधळून जाऊ नका. त्याच त्रिपिटकात, संयुत्त निकायात, याहून निराळे उत्तर आहे आणि ते खुद्द तथागतांच्या मुखी आहे.

सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले, की माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळे होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी कारणे मोजून दाखविली: पित्त, कफ, वात, या तिहींचा एकत्र प्रकोप, ऋतूतील पालट, शरीराची नीट निगा न राखणे, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्माचा विपाक. यांपैकी काही तर माणसाला स्वतः कळू शकतात आणि जगही ती मान्य करते. म्हणून जे सर्वच दुःख पूर्वकर्मावर घालतात ते स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्याही पलीकडे जातात, असे त्यांनी सांगितले. पित्त-कफ-वात ही त्या काळच्या वैद्यकाची भाषा झाली, ती आज जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. पण विचाराची दिशा पाहा. प्रश्न दुखण्याचा आहे, तर उत्तर शरीरात शोधा, ऋतूत शोधा, निगेत शोधा, आघातात शोधा.

आठवे कारण तरी राहिलेच ना, असे कोणी म्हणेल. राहिले. परंतु कम्माचा अर्थ बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धाची नव्हे असे ठरविले. जे बुद्धिवादाला धरून आहे, तर्काला धरून आहे, माणसाच्या कल्याणाचे आहे, तेच बुद्धाचे मानावे, ही कसोटी त्यांनी दिली. गतकर्माच्या सिद्धांताने कोणाची सोय झाली, हेही त्यांनी दाखविले: गरिबांच्या आणि दलितांच्या दुरवस्थेची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला झटकून टाकता आली. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने, पायांच्या वेदनांनी जर्जर झाले होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ते काठीच्या आधाराने उभे होते. त्यांनी डॉक्टर केले, औषधे घेतली.

आता ही कसोटी आपल्या पाठीला लावून पाहू. स्वीडनमधील नाकेमसन या डॉक्टरांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधील गादीत सुई घालून दाब मोजला. आडवे पडल्यावर तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर त्याहून जास्त, आणि कमरेत वाकून वजन उचलताना फारच जास्त भरला. आपल्या जिल्ह्यात कमरेत वाकून कोण असते? कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी बाई, खुरपे घेऊन निंदणारी बाई, गुत्त्याने सोयाबीन कापणारे जोडपे. दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागांतून कितीतरी माणसे ऊसतोडीला जातात. त्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला माणूसही म्हणत नाहीत, 'कोयता' म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकवर चढते. मोंढ्यात क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन हमालांच्या पिढ्या गेल्या. ही सर्व माणसे मागच्या जन्मी मल्लांच्या पाठी मोडत होती काय? आणि ज्यांच्या शेतात, ज्यांच्या कारखान्यात ही ओझी वाहिली गेली, ते सगळे मागच्या जन्मीचे पुण्यवान?

माणसाने एका वेळी किती ओझे वाहावे, याची चर्चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली केली आणि प्रौढ पुरुषाला 55 किलोहून अधिक नको, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. पोत्याचे वजन कमी करा, ही हमालांची मागणी दीर्घकाळ चालली. पोते 50 किलोचे झाले की पाठ वाचते. त्यासाठी कोणाला गतजन्मी जावे लागत नाही. 'भोग' म्हणणाऱ्या माणसाला ही मागणी सुचणारच नाही, कारण त्याच्या हिशोबात पोत्याचे वजन कोठे येतच नाही.

मला मान्य आहे, की 'भोग' या शब्दात एक दिलासा आहे. फिटत असलेले कर्ज कधी तरी संपते. रात्री दोन वाजता कूस बदलता येत नाही तेव्हा, याला काही अर्थ आहे, असे कोणी सांगितले तर बरे वाटते. धम्म हा दिलासा देत नाही. मग काय देतो?

संयुत्त निकायातच दोन बाणांचा दृष्टांत आहे. एक बाण शरीराला लागतो. अजाण माणूस त्यावर शोक करून दुसरा बाण मनाला लावून घेतो. हा दृष्टांत बहुधा रुग्णालाच ऐकविला जातो, की तू मन खंबीर कर. परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या मला असे दिसले, की दुसरा बाण पुष्कळदा शेजारचे, घरचेच मारतात. 'नाटक करते' हा बाण. 'भोग आहेत' हाही बाणच, फक्त मायेने मारलेला. पहिला बाण काढायला सर्जन लागतो. दुसरा न मारणे प्रत्येकाच्या हाती आहे.

आणि धम्म विश्रांतीची परवानगी देतो. आपल्या घरांतून ही परवानगी फार दुर्मीळ आहे. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात तथागत रात्री उशिरापर्यंत बोलले. मग आनंदाला म्हणाले, माझी पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग, मी जरा आडवा होतो. चीवराची घडी अंथरून ते उजव्या कुशीवर निजले. आनंदाने उपदेश पुरा केला; तथागत उठले आणि त्यांनी त्याची वाखाणणी केली. पावा नगरीत मल्लांच्या सभागृहातही हेच झाले, तेथे सारिपुत्ताने सांगितले. (अपदानात मल्ल जायबंदी होतो आणि इकडे मल्लांच्याच सभागृहात तथागत पाठ टेकतात!) त्यांनी दुखणे लपविले नाही, सभा मोडली नाही, आणि आपल्यावाचून काम अडेल असेही मानले नाही. आपल्या घरातली बाई मात्र भाकरी थापताना कमरेत चमक निघाली तर चुलीसमोरच ओठ दाबून बसते. अर्थात महिनोन्‌महिने पडून राहणे हाही उपाय नव्हे. पूर्वी डॉक्टर तसे सांगत, आता सांगत नाहीत. दोन-तीन दिवस आराम, मग हळूहळू चालणे, नेमाने व्यायाम, असे आता सांगतात.

ज्या घरात दोन हातांवर पोट आहे तेथे काम न करणाऱ्याची किंमत उतरते. हे क्रौर्य नाही, गरिबीचा हिशोब आहे. पण हिशोब म्हणून तो बरोबर ठरत नाही. महावग्गात एका भिक्खूची कथा आहे. त्याला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याची सेवा का करीत नाहीत, असे तथागतांनी विचारले. उत्तर आले, हा संघाच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, अशा अर्थाचे त्यांनी मग संघाला सांगितले. 'उपयोगी पडत नाही' हे कारण त्यांनी ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले.

तेथेच रुग्णाची कर्तव्येही सांगितली आहेत, ती आपल्याकडे कमी वाचली जातात. औषध वेळेवर घेणे, पथ्य सांभाळणे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की सेवा करणाऱ्याला आपले दुखणे खरे खरे सांगणे: वाढले तर वाढले, कमी तर कमी. माझी आई वीस वर्षे कंबर धरून वेचणीला गेली आणि विचारले की 'काई न्हाई' म्हणाली. त्या 'काई न्हाई'वर मी पदवीधर झाले. म्हणून भगिनींनो, हे नीट ध्यानात ठेवा: पाऊल उचलेनासे झाले, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचाचा ताबा जाऊ लागला, तर एक दिवसही थांबू नका, लाजू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. शीर फार वेळ दबून राहिली तर मग शस्त्रक्रियेनेही ती पूर्ण सुधारत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी तेथेच करा.

तथागतांना आडवे होता आले, कारण पुढचे सांगायला आनंद होता. उसाच्या फडात आनंद कोठून आणायचा? एक दिवस पडून राहिले तर मुकादमाच्या वहीत खाडा लागतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. हा प्रश्न घराघरांत सुटणारा नाही, तो कायद्याचा आणि संघटनेचा आहे. वस्तीत मात्र काही करता येते. आमच्या विहारात गेल्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर एक प्रश्न विचारायला सुरुवात झाली: कोणाच्या घरी कोण पडून आहे, आणि त्याचे कोणते काम अडले आहे? पाणी भरणे, दळण आणणे, लेकरांना शाळेत सोडणे, एवढेच वाटून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात कोणी नाव सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात सात नावे निघाली, त्यांतली पाच बायकांची होती.