विसरलेल्या माउलीची सेवा



बीजेचा सोहळा आटोपून देहूहून आम्ही परतलो, त्याला चार दिवस झाले असतील. रात्री नवाच्या सुमारास एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. चाकण-तळेगाव रस्त्याकडेचे गाव, चाकणच्या कारखान्यात पाळीची नोकरी, घराणे तीन पिढ्यांचे माळकरी, आमच्याच दिंडीतले. आत या म्हटले तर येईनात. शेवटी उंबऱ्याशीच बसले आणि म्हणाले, "महाराज, आईला बाहेर ठेवायचं चाललंय. ठेवली तर आषाढीला पंढरीत कुठल्या तोंडानं जाऊ, तेवढं सांगा."

या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच गावात सप्ताहाच्या कीर्तनात देऊन बसलो होतो. पुंडलिकाचे आख्यान लावले होते, आणि आईबापांना आश्रमाच्या पायरीवर सोडणाऱ्या मुलांवर असे काही तोंडसुख घेतले, की मंडप टाळ्यांनी दणाणला. हे गृहस्थ त्या दिवशी आमच्या मागे टाळ धरून उभे होते. आई घरात आधीच चुकू लागली होती, पण कोणाला सांगितले नव्हते. त्यांना त्या टाळ्या कशा लागल्या असतील, याचा विचार आम्ही त्या रात्री प्रथम केला. कीर्तनकाराला टाळी फार स्वस्तात मिळते, असो.

त्या माउलीला आम्ही चांगले ओळखतो. डोईवर तुळस घेऊन पुण्याचा मुक्काम, रोटीघाट सगळे पायी करणारी बाई. आता ती पहाटे तीनला उठून, कडी काढून, काकड्याला म्हणून देहूच्या वाटेला लागते. वाट तीच आहे, पण ती वाट आता बैलगाडीची राहिलेली नाही, त्यावर रात्रंदिवस कंटेनर धावतात. दोनदा अनोळखी माणसांनी तिला हाताला धरून परत आणले. मुलगा तिसऱ्या पाळीला असला की सूनबाईने रात्र दाराशी बसून काढायची आणि सकाळी भोसरीला कामावर जायचे. सासूबाई तिला "तू कोण गं? माझ्या घरात काय करतेस?" म्हणतात आणि जेवणात विष घातले म्हणून ताट लोटतात. हे सात-आठ महिने चालले होते. सूनबाईचे वजन उतरले, मुलाचे यंत्रावर लक्ष लागेना.

या दुखण्याला आपल्याकडे स्मृतिभ्रंश म्हणतात. शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला आहे, आणि तिथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. तिथे विषयांच्या चिंतनापासून क्रोध, क्रोधापासून मोह आणि मोहापासून स्मृतीचा भ्रंश अशी साखळी सांगितली आहे. ती साधकाच्या घसरणीची गोष्ट आहे. हे दुखणे मेंदूचे. मेंदूच्या पेशी झिजत जातात, त्यात क्रोधाचा, पापाचा किंवा मागल्या जन्माच्या कर्माचा हिशेब मांडण्याचे कारण नाही. अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली पन्नाशी उलटलेल्या एका बाईच्या दुखण्याचे वर्णन केले. सर्वांत अधिक आढळणारा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत साधारण सात जणांना ही व्याधी असावी, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा "आमच्याच घरी का?" असे कोणी म्हणू नये. तुमच्या दिंडीत शोधा, दोन-चार घरे निघतील.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांलाही डॉक्टरांकडूनच कळली. विसरणे म्हणजे लगेच हेच दुखणे असे नव्हे. थायरॉइड, ब जीवनसत्त्वांतील बारावे कमी पडणे, लघवीचा जंतुसंसर्ग, ऐकू न येणे, मनाची उदासी, चालू गोळ्यांचा परिणाम, यांनीही म्हातारे माणूस भांबावते, आणि त्यांपैकी बरेच उपचाराने सुधारते. म्हणून घर शोधण्याआधी डॉक्टर. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, तिथे दाखवा किंवा अन्य कोठे, पण अंगारे-धुपाऱ्यांत सहा महिने घालवू नका.

आता पुंडलिकाकडे येऊ. त्या गृहस्थांना आम्ही विचारले, "पुंडलिक मोठा कशाने? आईबाप त्याच्या छपराखाली होते म्हणून?" छपराखाली तर ते आधीही होते, आणि त्यांचे हालच चालले होते. त्याची थोरवी सुरू झाली ती त्याचे हात त्यांच्या पायांना लागले तेव्हा. सेवा हाताची असते. आज आपल्या घरांत काय चालते ते स्पष्टच बोलू. आई घरात आहे म्हणून पुण्य मुलाच्या नावे जमा, आणि हात मात्र सुनेचे. तीच न्हाऊ घालते, तीच ओले कपडे धुते, तीच शिव्या खाते, आणि तिला विचारत कोणीच नाही. घर न सोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या पुरुषाने आधी आठ दिवस आईचे न्हाणे-धुणे स्वतः करून पाहावे. त्यानंतरही झेपत असेल, दिवसा कोणी सोबत मिळत असेल, तर घरासारखे दुसरे काही नाही. पण कडीकुलपात कोंडून, नाहीतर गोळीने निजवून आईला घरात ठेवणे, याला आम्ही तरी सेवा म्हणणार नाही.

पुढचे तीन रविवार आम्ही त्यांच्याबरोबर घरे पाहत हिंडलो. देहू-आळंदीच्या बाजूला वृद्धाश्रम पुष्कळ, पण आपले आपण करणाऱ्यालाच घेणारे बरेच. माणूस विसरते, रात्री हिंडते म्हटले की हात जोडतात. एक ठिकाण फार झकपक होते, काचेचे दार, भिंतीवर मोठा दूरदर्शन संच. आम्ही मुद्दाम सांजवेळी गेलो, कारण या दुखण्यातली माणसे दिवस कलला की जास्त कासावीस होतात, "घरी जायचंय" म्हणून हट्ट धरतात. तिथे दोन आजोबा खुर्चीला पंचाने बांधलेले दिसले. विचारले तर "पडतात ना!" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी पैसे थोडे, पण चाळीस माणसांमागे रात्री एकच बाई, आणि तीही झोपणारी.

तिसरे घर निगडीला प्राधिकरणात, साधा बंगला, आठ आज्या. आम्ही गेलो तेव्हा बीड जिल्ह्यातून आलेली एक बाई खाली बसून त्यांच्याबरोबर मेथी निवडत होती. निम्मी मेथी देठांत जात होती, पण कोणी कोणाच्या हातातून जुडी ओढून घेत नव्हते. प्रत्येकीला ती नावाने हाक मारी आणि कोण कुठल्या गावची ते तिला पाठ होते. आमचे मन तिथे बसले. लहान घराचा गुण हाच, की माणसाला माणूस ओळखते, रोजचे चेहरे तेच राहतात. परदेशातही जाणते लोक याच वाटेने गेले आहेत. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ वेस्प येथे २००९ साली या व्याधीच्या माणसांसाठी होगेवेक नावाची वस्तीच उघडली. तिथे सहा-सात जणांचे एकेक घर, तिथेच स्वयंपाक, अंगण, दुकान. फिरायला मोकळीक, पण वस्तीबाहेर वाट चुकायचे भय नाही.

तरी मन बसले म्हणून डोळे मिटले नाहीत. मुलाने विचारले ते सगळे इथे सांगतो, उपयोगी पडेल. रात्री कोण जागे असते? पडली किंवा ताप आला तर कोणत्या दवाखान्यात नेता, आणि आम्हांला केव्हा कळवता? झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून देता? चष्मा, कवळी, कानाचे यंत्र कोण सांभाळते? आणि सर्वांत अवघड प्रश्न, उद्या ती अंथरुणाला खिळली तर ठेवाल, की घेऊन जा म्हणाल? याचे उत्तर कागदावर घ्यावे. अनामत रक्कम किती परत मिळते तेही कागदावर. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, फरशी निसरडी आहे का, हे हाताने आणि पायाने पाहावे. न सांगता कधीही भेटायला येऊ द्याल का, या प्रश्नाला जिथे चाचरत उत्तर मिळेल तिथून पाय काढावा. आम्ही एकादशीच्या फराळाचेही विचारले. मालकीणबाई म्हणाल्या, "साबुदाणा देऊ, पण त्यांनी भाकरी मागितली तर भाकरीच देणार." आम्हांला हे उत्तर आवडले. ज्याला तिथी आठवत नाही त्याला उपास मोडल्याचा दोष कुठला?

खर्च मात्र थोडा नव्हे. मुलाच्या पगारातला मोठा भाग जातो, धाकट्या भावाने आणि बहिणीने वाटा उचलला तेव्हा जमले. भावांनो, ही वाटणी आधी करा, जमिनीच्या वाटणीच्या वेळी तर सगळे हजर असता. कायद्याचे भयही त्या गृहस्थांना कोणी घातले होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात म्हाताऱ्यांना कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठे सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. कायदाही हेतू पाहतो. टाकणे निराळे आणि ठेवून दर रविवारी जाणे निराळे. कोणाला अडचण असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे.

त्या रात्री उठता उठता त्यांनी एक विचारले होते, ते आमच्या मनातून जात नाही. "महाराज, तिला माझं नाव आठवत नाही ते राहू द्या. उद्या विठोबाचं नावही गेलं तर? जन्मभर घेतलेलं नाम अंतकाळी आठवलंच नाही तर तिचं काय?"

माउली, याचे उत्तर आमच्या पदरचे नाही. वराहपुराणातले म्हणून जे वचन वैष्णव चरमश्लोक मानतात, त्याचा आशय असा, की धडधाकट असताना ज्याने माझे स्मरण केले, तो अखेरीस काष्ठपाषाणासारखा पडला असता त्याची आठवण मी ठेवतो आणि मीच त्याला घेऊन जातो. म्हणजे ती विसरली तरी खाते बुडत नाही, ते देवाकडे लिहिलेले आहे. शिवाय लहानपणापासून जिभेवर बसलेले पुष्कळ उशिरापर्यंत टिकते असा अनुभव आहे. त्या घरी संध्याकाळी हरिपाठ लावतात, तेव्हा मुलाचे नाव न सांगता येणारी ही बाई ओळीमागून ओळ म्हणते आणि टाळीचा ठेका चुकत नाही.

"ओळखत नाही तर जाऊन काय उपयोग?" असे धाकटा भाऊ म्हणाला होता. त्याला आम्ही म्हटले, पुंडलिकाने तरी मागे वळून कुठे पाहिले? देव विटेवर उभाच राहिला ना! तू तासभर बस.

ज्येष्ठात पालखी देहूहून निघाली. निगडीहून आकुर्डीच्या मुक्कामाला जाताना आम्ही आणि ते गृहस्थ दिंडीतून थोडे बाजूला होऊन त्या घरी गेलो. मेथी निवडणाऱ्या बाईने आजींना नऊवारी नेसवून फाटकाशी खुर्चीत बसवले होते. लांबून टाळमृदंगाचा आवाज येत होता. मुलगा पुढे झाला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, गळ्यातली माळ पाहिली, बुक्का पाहिला, आणि विचारले, "कुठली दिंडी म्हणायची, माउली?" त्याने दिंडीचा क्रमांक सांगितला आणि पाया पडायला वाकला. तो वाकला तशी तीही खुर्चीतून खाली वाकली, आणि वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो तशी त्याच्या पायांना हात लावून ते हात तिने कपाळी लावले.

त्याने पिशवीतला खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. ती खाऊ लागली. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि मग दिंडी गाठायला निघालो.