घुमाऱ्याला जागा

आधी काहीच लावू नका. ॲम्प्लिफायर बंदच राहू दे. नेहमीच्या खुर्चीत बसा, पावलं फरशीवर टेकवा आणि नुसती खोली ऐका. पंख्याची फरफर. फ्रिजची मधूनच सुरू होणारी गुरगुर. खालच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेला, तर त्याची घरघर कानांच्या आधी तळपायांना कळेल. शोकेसची काच हलकेच थरथरेल.

आता ओठ मिटा आणि हुंकार धरा. गळा जाईल तितका खाली जा, मग सावकाश वर चढा. एखाद्या जागी वाटेल की हा आवाज आपल्या एकट्याचा नाही, भिंतींनीही सूर धरला आहे. न्हाणीघरात गाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. न्हाणीघर लहान, म्हणून त्याचा सूर गळ्याच्या आवाक्यात येतो. हॉल मोठा, म्हणून त्याचा मूळ सूर गळ्याच्याही खाली राहतो. आपल्याला सापडतात त्या त्याच्या वरच्या पटी. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. भिंती १२ फुटांवर असतील, तर साधारण ४७ हर्ट्‌झची अर्धी लाट त्यांच्यामध्ये नेमकी बसते. १० फुटांवर असतील तर ५६ हर्ट्‌झची. घर बांधलं तेव्हाच हे सूर लागून गेले. तुमचा स्टिरिओ फार नंतर आला.

आता तबला लावा. एकल वादन असेल तर उत्तम. आवाज मध्यम, बेस आणि ट्रेबलची बटणं मध्यावर. चाटीवरचे बोल जाऊ द्यात, लक्ष डग्ग्यावर ठेवा. वादक थाप देतो आणि मनगट दाबून पुढे सरकवतो, तसा घुमारा खालून वर चढत जातो. हा चढ म्हणजे एक जिना समजा. त्याची प्रत्येक पायरी तुमच्यापर्यंत सारखी पोचते का? की एक पायरी दणकन वाजते आणि पुढची नाहीशीच होते? लगेच उत्तर देऊ नका. तोच तुकडा पुन्हा ऐका.

बेस चांगला म्हणजे बेस पुष्कळ, ही समजूत मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी करून दिली आहे. तिथे ठोका छातीत बसतो, सूर मात्र कळत नाही. घरातलं समाधान निराळं आहे. डग्ग्याचा हात कुठून कुठे सरकला, हे डोळे मिटून कळलं पाहिजे.

एकदा उठा आणि स्पीकरच्या मागे वाका. तांबड्या खुंटीला तांबडी तार, काळ्या खुंटीला काळी, दोन्ही स्पीकरना आणि ॲम्प्लिफायरलाही. एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाली असेल, तर एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढतो. गायकाचा आवाज तरीही येत राहतो, फक्त तो समोरून न येता कुठूनतरी विस्कटलेला येतो. खर्ज मात्र दोघांमध्येच संपून जातो. कितीतरी घरांतला हरवलेला बेस या एका तारेत अडकलेला असतो.

तारा बरोबर असतील, तर आता गाणं चालू ठेवून चाला. हळू. भिंतीशी जा, पाठ टेका. डग्गा जाड होईल. कोपऱ्यात जा, तो आणखी फुगेल. खोलीच्या मधोमध या, तो पातळ होईल. वाजवणारा तोच, बटणही तिथेच. लाट भिंतींवर आपटून परत येते. भिंतीपाशी तिचा दाब साचतो आणि त्या मूळ सुरापुरता मध्यभागी तो जवळजवळ नसतोच. आपल्या घरांच्या विटा-सिमेंटच्या भिंती खर्ज फारसा गिळत नाहीत, परत पाठवतात. म्हणून आपल्याकडे ही चढउतार जास्तच जाणवते. पडदे आणि सतरंजी टाळीचा आवाज मऊ करतात, पण इतक्या लांब लाटेला ते अडवू शकत नाहीत.

खुर्ची मधोमध असेल तर वीतभर मागे घ्या. भिंतीला टेकलेली असेल तर दोन विती पुढे. बसा. जिना पुन्हा ऐका. पुन्हा उठा.

खुर्चीचं झालं की स्पीकरकडे वळा. क्षणभर तंबोरा मनात आणा. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झची. तिची लाट जवळपास ५ मीटर, म्हणजे १६ फूट लांब. हॉलपेक्षाही लांब! तिचा चौथा हिस्सा ४ फूट. स्पीकरचा पडदा मागच्या भिंतीपासून नेमका ४ फुटांवर असेल, तर मागे गेलेली लाट भिंतीवरून परतेपर्यंत अर्धी लाट उशीर होतो आणि ती पुढच्या लाटेला खोडते. खर्जाची तार छेडली जाते आणि तिचा पायाच विरतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवा, तो भरेल. कोपऱ्यात दाबून बसवलात, तर भरता भरता तुंबेल. मधली जागा कुठली, हे तुमची खोलीच सांगणार. शोकेसच्या खणात कोंबलेल्या स्पीकरला तर हे विचारताही येत नाही. त्याला आधी बाहेर काढा.

आता बेसच्या बटणावर बोट ठेवा. फिरवू नका. सहा डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते. सूर एक सप्तक खाली गेला, तर तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ताकद संपली की आवाज फाटतो. आणि मुख्य गोष्ट त्याहून पुढची. जिथे परतणारी लाट मूळ लाटेला खोडते आहे, तिथे जोर वाढवलात तर खोडणारीलाही तितकाच जोर मिळतो. तो खड्डा बटणाने भरत नाही. तिथून उठूनच जावं लागतं. यावर थोडा वेळ थांबा. घरात आणखी कुठल्या गोष्टी आपण जोर वाढवून भरू पाहत होतो, तेही मनात आलं तर येऊ द्यात.

मग बोट आवाजाच्या बटणावर न्या आणि तो निम्म्यावर आणा. गायक जरासा लांब गेला, पण डग्गा त्याच्यापेक्षा कितीतरी लांब गेला, हो ना? हा दोष यंत्राचा नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज लहान झाला की आपला कान खर्जाला आधी सोडतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते याचसाठी. रात्री सगळे झोपल्यावर लावलेल्या गाण्यात बेस कमी वाटला, तर ते बटण नाहीतर बेसचं बटण थोडंसं फिरवायला हरकत नाही. इथे भरायला खड्डा नाही, फक्त कानाला हात द्यायचा आहे.

आवाज पुन्हा मध्यम करा. बसा. डोळे मिटा. तोच तुकडा. थाप पडते, मनगट सरकतं, घुमारा चढतो. एखादी पायरी अजून किंचित डुगडुगते, ती तशीच राहू द्यात; चार भिंतींच्या खोलीत तेवढं राहणारच. पण हात कुठे होता आणि कुठे पोचला, ते आता दिसतं आहे.

उठण्याआधी खुर्चीच्या चारही पायांशी खडूने खूण करा. उद्या केर काढताना ती पुन्हा भिंतीला जाणार आहे.