रोगमुक्ती आणि मुक्या जीवांचे ऋण

गृहस्थाच्या घरात कोणी शस्त्र उचलत नाही, तरीही तेथे नित्य हिंसा घडते, असे धर्मशास्त्राने सांगून ठेवले आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी नकळत जीव मरतात. त्यांना ‘पंचसूना’ असे नाव आहे. यावर उपाय म्हणून चूल विझवावी असे शास्त्राने सांगितले नाही. आणि चूल पेटवण्यात काहीच दोष नाही, असेही सांगितले नाही. पंचमहायज्ञांनी त्या दोषाचे परिमार्जन करावे, असे सांगितले. जी हिंसा टळत नाही ती पत्करावी, पण तिला पुण्य म्हणू नये आणि तिचा विसरही पडू देऊ नये, असा या व्यवस्थेचा अभिप्राय आहे. आज वैद्यकशास्त्र ज्या नव्या वाटेने चालले आहे, त्या वाटेवर या जुन्या विचाराची गृहस्थाला फार गरज आहे.

एका व्याधीचेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. लघवीवरचा ताबा सुटणे हा रोग सहसा प्राणावर बेतत नाही. पण तो माणसाचे जगणे संकुचित करून टाकतो. बाळंतपणात मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू आणि मज्जातंतू दुखावतात, उतारवयात ते क्षीण होतात. मग खोकताना, शिंकताना, पाण्याची कळशी उचलताना लघवी सुटते. पुरुषांनाही प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर हा त्रास होऊ शकतो. घरातली वडीलधारी स्त्री मग कीर्तनाला जात नाही, प्रवास टाळते, देवपूजेलाही बसत नाही. कोणी कारण विचारले तर गुडघे दुखतात असे सांगते. हे दुःख खरे आहे. त्याकडे पाठ फिरवून मुक्या प्राण्यांच्या दयेविषयी बोलणे म्हणजे अर्धीच दया होय.

या व्याधीवर एक उपाय शोधण्याचा प्रयत्न गेली पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे. आपल्या शरीरातील स्नायूंत काही पेशी सुप्तावस्थेत असतात. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होऊन ती भरून काढतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाने बेडकाच्या स्नायूत सूक्ष्मदर्शकाखाली त्या प्रथम दाखवून दिल्या. अशा पेशींना मूळपेशी म्हणजे ‘स्टेम सेल’ म्हणतात. त्या वेगळ्या काढण्याची रीत साधारण अशी असते: उंदराच्या किंवा घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदराच्या स्नायूचा तुकडा बारीक चिरतात, पाचक द्रव्याने त्याचे धागे विरघळवतात आणि सुट्या झालेल्या पेशी काचपात्रात ठेवतात. ज्या पेशी लवकर तळाला चिकटतात त्या बहुधा सामान्य असतात. उशिरा चिकटणाऱ्यांत मूळपेशींचे प्रमाण अधिक असते. त्या वाढवून मूत्रमार्गाच्या दुर्बल स्नायूत टोचल्या, तर तो पुन्हा बळकट होईल अशी आशा आहे.

परंतु टोचण्यापूर्वी तो स्नायू दुर्बल झालेला असावा लागतो. उंदराच्या मादीला ही व्याधी आपोआप होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत तिचा योनिमार्ग फुग्याने ताणून बाळंतपणाची इजा घडवतात, अथवा संबंधित मज्जातंतू चिरडतात किंवा कापतात. इतकेच नव्हे, तर पेशी वाढवण्यासाठी जे पोषक द्रव्य जगभर वापरले जाते, त्यात पुष्कळदा गोगर्भाच्या रक्तातील द्रव असतो. गाभण गाय कत्तलखान्यात मारली गेल्यावर तिच्या पोटातील वासराच्या रक्तापासून तो काढतात. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी घेऊन उपचार करायचा असला, तरी त्या वाढवताना हे द्रव्य वापरलेले असू शकते. हिंदू गृहस्थाला ही गोष्ट ठाऊक असणे अवश्य आहे.

हे ऐकल्यावर दोन प्रकारची मते पुढे येतात. एक पक्ष म्हणतो की, मनुष्यजन्म श्रेष्ठ आहे. त्याच्या सुखासाठी हीन योनीतील जीव खर्ची पडले तर दोष नाही. पण श्रेष्ठत्वाचा अर्थ अधिक अधिकार असा नसून अधिक उत्तरदायित्व असा आहे. घरातील कर्ता पुरुष श्रेष्ठ म्हणून सर्वांच्या ताटातले काढून घेत नाही. सर्वांचे जेवण झाले की नाही हे तो आधी पाहतो. दुसरा पक्ष म्हणतो की, ज्या औषधाला हिंसेचा स्पर्श झाला ते घेऊच नये. हा भाव उदात्त आहे, पण जीवनात तो पूर्णपणे टिकत नाही. देवीची लस वासरांच्या आणि रेडकांच्या कातडीवर वाढवली जात असे. त्या लसीच्या बळावरच १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. ज्यांच्या दंडावर तो व्रण आहे, ते सर्व त्या मुक्या जीवांचे ऋणी आहेत. ऋण नाकारून कोणी अनृणी होत नाही.

मग निर्णय कसा करावा? गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माच्या विवेचनात अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष अशा चार गोष्टींचा निर्देश आहे. त्यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस ठरते. या चार गोष्टी येथे चार प्रश्नांसारख्या उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न अनुबंधाचा, म्हणजे पुढील परिणामाचा. प्रयोगातून निघालेले ज्ञान विश्वासार्ह नसेल, तर त्यासाठी सोसलेली पीडा व्यर्थ जाते. २००७ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या वैद्यांचा याच उपचारावरील एक निबंध ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात आला होता. नीतिसमितीची मान्यता आणि रुग्णांची संमती यांविषयी सरकारी तपासणीत गंभीर दोष आढळल्याने २००८ साली तो मागे घेण्यात आला. संशोधनात सत्याचरण ढळले, तर त्यात रुग्ण आणि मुके जीव अशा दोघांचाही अपराध होतो.

दुसरा प्रश्न क्षयाचा. १९५९ साली रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले: प्राण्यावाचून काम होत असेल तर तसे करावे, न होईल तर कमीत कमी प्राणी घ्यावेत, आणि जे घ्यावेत त्यांना कमीत कमी यातना द्याव्यात. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून पुढे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, हे तत्त्व त्यातही आहे.

तिसरा प्रश्न हिंसेचा. जी डोळ्यांआड घडते ती हिंसा नाहीशी झाली असे होत नाही. वासराच्या रक्तद्रवाऐवजी मानवी रक्तबिंबिकांपासून केलेली किंवा प्राणिज द्रव्य मुळीच नसलेली पोषके आता उपलब्ध आहेत. रुग्णांनी आणि त्यांच्या आप्तांनी याविषयी विचारले पाहिजे. कारण विचारणारे वाढले म्हणजे पर्यायही वाढतात.

चौथा प्रश्न पौरुषाचा, म्हणजे सामर्थ्याचा. हा उपचार खरोखर परिपक्व झाला आहे काय? २००८ साली कॅनडातील आठ स्त्रियांवर त्यांच्याच मांडीच्या स्नायूतील पेशींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच जणींना आराम पडला. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत, ज्यांना पेशी नसलेला नुसता द्रव टोचला होता त्यांच्यातही इतक्या जणींना बरे वाटले की, पेशींचा वेगळा गुण सिद्ध होईना आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तोत्पादक मूळपेशींचे काही मान्य उपचार वगळता, मूळपेशींचा वापर रीतसर चाचणीबाहेर करणे योग्य नाही. म्हणून ‘हमखास गुण’ असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून गृहस्थाने दूर राहावे.

यावरून गृहस्थाचे कर्तव्य स्पष्ट होते. आई किंवा सासू ही व्याधी लपवत असेल, तर सुनेने व मुलीने हळुवारपणे ती जाणून घ्यावी आणि वैद्याकडे न्यावे. प्रथम उपाय पेशींचा नाहीच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व सैल सोडण्याचा जो व्यायाम अमेरिकेतील डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडला, तोच आजही पहिला उपाय मानला जातो. हठयोगातील मूलबंधाशी त्याचे जवळचे साम्य आहे. त्यात कोणत्याही जीवाला पीडा नाही. मात्र महिनोन्महिने नियमाने करण्याचा संयम पाहिजे. पुष्कळदा मनुष्य दुसऱ्या जीवाकडून जे मागतो, ते स्वतःच्या अभ्यासाने मिळवणे त्याला शक्य असते.

इतके करूनही गुण आला नाही आणि पुढे एखादा उपचार खरोखर सिद्ध झाला, तर तो घेणे हा अधर्म नव्हे. पण तो घेणाऱ्याने घरातील चुलीप्रमाणेच त्यामागील सूना ओळखावी. बऱ्या झालेल्या शरीराने भूतयज्ञ करावा: दारच्या गुराला पाणी, पाखरांना दाणा, जखमी जनावराला आसरा द्यावा आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची किळस न करता सेवा करावी. उपकार स्मरून जगणे हेच गृहस्थाला शक्य असलेले अनृणित्व होय.