नवी रॅमही दिसली नाही, तेव्हा तरी थांबायचं होतंस!

ये, असा समोर उभा राहा. मान खाली घालायची नाही, माझ्याकडे बघून ऐक.

त्या डीटीपीवाल्या बाईंचं मशीन परवापर्यंत १६ जीबी दाखवत होतं. तू प्रोसेसर बदललास आणि १६ चे ८ झाले. तेव्हा तुझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? ‘रॅम उडाली.’ कशावरून? कुठली स्टिक, कुठल्या स्लॉटमधली, काही पाहिलंस? बाईंना नवी रॅम आणायला लावलीस. तीही दिसेना, तर म्हणालास की नवीही खराब निघाली. मग विंडोजवर संशय घेतलास, फॉरमॅट मारलास आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या पत्रिकांच्या फाइली घालवल्यास. ऐन लग्नसराईत! एवढा उपद्व्याप करताना एकदाही मनात आलं नाही, की चांगलं चालणारं मशीन आपणच उघडलं होतं?

नीट ध्यानात ठेव. बदल केल्यावर बिघाड आला तर पहिला संशय बदललेल्या भागावर घ्यायचा आणि दुसरा आपल्या हातावर. ज्या स्टिका काल चालत होत्या, त्यांचा नंबर त्यानंतर.

‘पण सर, मी रॅमला हातच लावला नव्हता,’ हे मला सांगू नकोस. मेमरी कंट्रोलर कुठे असतो, हे वर्गात शिकवलंय. पूर्वी तो बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ च्या वेळी तो प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये कोअर आय७ पासून. म्हणजे प्रोसेसर काढलास तेव्हा रॅमशी बोलणारा भागच तू काढलास. स्लॉटपासून निघालेल्या रेषा सॉकेटच्या पिनांवर येऊन संपतात. तिथे एक जरी पिन टेकली नाही, तरी अख्खा चॅनेल गायब होऊ शकतो आणि मशीन निम्म्या मेमरीवर बिनतक्रार सुरू होतं. हे तुला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंसही. मग टेबलापाशी उभं राहिल्यावर ते कुठे गेलं?

आता क्रम ऐक. सगळ्यात आधी बायोसमध्ये जाऊन मेमरी किती दिसते ते बघायचं. तिथे १६ आणि विंडोजमध्ये कमी, तर भानगड विंडोजची. ३२ बिटची विंडोज असेल तर ती साधारण ४ जीबीच्या पुढे जात नाही. एमएसकॉन्फिगमध्ये कुणीतरी कमाल मेमरीची मर्यादा घालून ठेवलेली असते. ऑनबोर्ड ग्राफिक्सही थोडा वाटा घेतं, पण थोडाच. निम्मी रॅम गायब झाल्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. आणि बायोसमध्येच ८ दिसत असतील, तर विंडोजला हात लावायचं कारणच उरत नाही. इथे बायोस ८ दाखवत होता. तो एक आकडा पाहिला असतास, तर त्या बाईंच्या फाइली वाचल्या असत्या.

त्यानंतर अदलाबदल. एका वेळी एकच स्टिक आणि एकच स्लॉट. काल संध्याकाळी मी तेच केलं. केबल काढली, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट घालवला आणि सुरुवात केली. ए चॅनेलच्या स्लॉटमध्ये तिन्ही स्टिका दिसल्या, तू खराब ठरवलेली नवीसुद्धा. बी चॅनेलच्या दोन्ही स्लॉटांत एकही दिसेना. स्टिका चांगल्या आहेत हे तिथेच सिद्ध झालं. दोन स्लॉट एकदम मुके झाले, तर दोघांना जोडणाऱ्या ठिकाणी बघायचं, म्हणजे सॉकेटमध्ये. कूलर उतरवला, प्रोसेसर उचलला आणि टॉर्च तिरका धरून भिंगातून पाहिलं. १२०० पिनांच्या त्या सॉकेटमध्ये सगळ्या पिनांची टोकं एका दिशेने चमकत होती. कडेजवळच्या एका पिनेचं टोक मात्र खाली दबून कललेलं होतं. प्रोसेसर एका कोपऱ्यावर टेकवून सरकवत बसवला, हे तूच मला सांगितलंस. तो सरळ खाली ठेवायचा असतो, सरकवायचा नसतो. पिन सुईने सरळ केली, प्रोसेसर बसवला, कूलरचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. दोन्ही चॅनेल आले, १६ जीबी दिसली.

आणि ते खोडरबर आधी खिशात ठेव. रॅम दिसली नाही की काढलं खोडरबर, ही सवय मोड. त्या सोनेरी पट्ट्यांवरचा मुलामा फार पातळ असतो, दर वेळी घासून तो उडतो. खरोखर मळ दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड वापर. स्टिक बसत नसेल तर जोर लावायचा नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोघींच्या पिना २८८ असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. बसली की कुलूप लागल्याचा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. चार स्लॉटांत दोन स्टिका लावायच्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, तरीही मॅन्युअल उघडून खात्री करायची.

तुझा हात चांगला आहे, डोकंही चांगलं आहे, म्हणून एवढं बोलतोय. पण माहीत नसताना ठामपणे बोलण्याची तुला जी खोड लागलीय, ती तुला या धंद्यात टिकू देणार नाही. गिऱ्हाईकाला रॅममधलं काही कळत नाही. आपण सांगू ते खरं मानून तो खिशात हात घालतो. म्हणून पुराव्याशिवाय ‘हे उडालं’ म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

आता मशीन उचल आणि बाईंच्या दुकानात जा. पिन माझ्या हातून वाकली, रॅम चांगली होती, हे स्वतःच्या तोंडाने सांग. नवी स्टिक दुकानदाराने परत घेतली तर ठीक, नाहीतर तिचे पैसे तू भरायचेस. गेलेल्या फाइलींपैकी रिकव्हरीने जेवढ्या मिळतील तेवढ्या काढून दे, उरलेल्या पत्रिका त्यांच्याशेजारी बसून पुन्हा टाइप कर. ते झाल्यावरच लॅबमध्ये ये.