कुलपाबाहेरचं

पुण्यात कोथरूडला एक गृहस्थ राहत. फ्लॅट स्वतःचा, नोकरी चांगली, हात मात्र आखडता. युरोप पाहायची हौस होती, पण हॉटेलचे दर ऐकले की बेत पुढच्या वर्षावर जाई. शेवटी बायकोनेच घरांच्या अदलाबदलीचं काढलं. तिकडे ही रीत जुनी आहे. 1953 साली स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समधल्या काही शिक्षकांनी ती सुरू केली. सुट्टी लांब आणि खिसा लहान, म्हणजे शिक्षकांनाच सुचणार. भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही; तुम्ही आमच्या घरात, आम्ही तुमच्या.

नेदरलँड्सच्या उट्रेख्त शहरातलं एक कुटुंब तयार झालं. त्यांच्या मुलांना मे महिन्याच्या सुमारास सुट्टी असते, तेव्हाचं ठरलं. व्हिसासाठी राहण्याची सोय दाखवावी लागते. तो डच माणूस आपल्या नगरपालिकेत गेला, ‘ही मंडळी माझ्या घरी उतरणार’ अशा फॉर्मवर सही केली, ती रीतसर साक्षांकित करून घेतली आणि कागद पाठवून दिला. प्रत्यक्षात कधी भेटलाही नव्हता.

तो कागद हातात पडला आणि गृहस्थ कुलूप आणायला गेले.

आतली एक खोली बंद करायची ठरली. चांदीची भांडी आत गेली, ते ठीकच. मग डिनर सेट गेला, ज्यावरचं दुकानाचं लेबल अजून निघालं नव्हतं. मिक्सर गेला, इस्त्री गेली, नव्या चादरी गेल्या. दिवाणखान्यातला पितळी गणपती उचलला तेव्हा त्यांची आई, म्हणजे घरातल्या आजी, म्हणाल्या, “अरे, देवाला तरी बाहेर राहू दे.” तोही आत गेला. बाहेर उरले कान तुटलेले कप, जुन्या गाद्या आणि गॅलरीतला शिसवी झोपाळा. झोपाळा दारातून आत जाईना, म्हणून राहिला. तसाही त्यावर रद्दीचा ढीग आणि वाळत टाकलेले टॉवेल असत.

उट्रेख्तच्या घरातला जिना इतका उभा, की आजी रोज पाठमोऱ्या उतरत. कचरा कोणत्या दिवशी कुठल्या डब्यात टाकायचा, हे एका वहीत लिहून ठेवलं होतं. शेवटी एक ओळ होती: कपाटातलं सगळं वापरा. गृहस्थांनी पहिल्याच रात्री घरातलं एकेक दार उघडून पाहिलं. बंद असं एकही नव्हतं. झोप काही नीट लागली नाही. आजी मात्र स्वेटर घालून दारापुढच्या बाकावर बसू लागल्या, आणि दोनतीन दिवसांत शेजारीण त्यांच्यासाठी कॉफी घेऊन येऊ लागली. भाषेवाचून कुणाचंच अडलं नाही.

पुण्याला परतले तर घर लख्ख. रद्दी सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवलेली, झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलेलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी सांगायला आल्या. पाहुणे रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर हापूस खायचे आणि बिल्डिंगमधली सगळी पोरं तिथेच असायची. “तुमच्या दारात इतक्या चपला आम्ही पहिल्यांदाच पाहिल्या हो!”

गृहस्थांनी आधी कुलूप उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

“त्यांना यातलं काही लागलं नाही,” आजी म्हणाल्या. “आपल्याला तरी कुठं लागतं रे? वापरलं तेवढं आपलं. बाकीच्याची आपण नुसती राखण करतो.”

गृहस्थ काही बोलले नाहीत. मूर्ती मात्र त्यांनी लगेच बाहेर आणून ठेवली.

सहा वाजता बेल वाजली. दारात पोरांची रांग. कुणी परवानगी विचारली नाही, थेट गॅलरीत गेली आणि “एन, त्वे, द्री” असं डच भाषेत झोके मोजू लागली. गृहस्थ थोडा वेळ दारात उभे राहून पाहत होते. मग सहज बसावं म्हणून पुढे झाले, तर तळमजल्यावरची चिमुरडी आडवी आली.

“काका, असं नाही. प्रत्येकाला दहा झोके. तुम्ही त्या दादाच्या मागे उभे राहा.”

गृहस्थ उभे राहिले. पुढे अजून चौघं होते.