जुन्या संगणकांचा छंद आणि परिग्रहाचा प्रश्न

देवासच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी मध्यंतरी एक प्रश्न विचारला. त्यांचे चिरंजीव चाळिशी ओलांडलेले, नोकरीत स्थिरावलेले, संसार नीट सांभाळणारे गृहस्थ आहेत. सुपारीचेही व्यसन नाही. परंतु गेली काही वर्षे ते चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक शोधून विकत आणतात, त्यांची दुरुस्ती करतात आणि रात्री जेवणे आटोपली की त्यांवर खेळ खेळत बसतात. माडीवरच्या खोलीत आता पाय ठेवावयास जागा नाही. ‘यास छंद म्हणावे की आसक्ती? आणि आवर घालणे हे वडिलांचे कर्तव्य आहे काय?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वस्तू जमविणे आणि वस्तू जतन करणे यांतील सीमारेषा कोठे असते, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या माडीवर, माळ्यावर आणि कपाटात पडून आहे.

प्रथम ही यंत्रे कोणती ते सांगणे अवश्य आहे. कारण तरुण वाचकांस जुना संगणक म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा मंदावलेला लॅपटॉप, एवढेच ठाऊक असते. १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत, मध्यम स्थितीच्या कुटुंबास परवडतील असे लहान संगणक विलायतेत व अमेरिकेत बाजारात आले. १९८१ मध्ये एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला, १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणि अमेरिकेचा कमोडोर ६४ आला. स्पेक्ट्रम हा एखाद्या वहीएवढा, रबरी कळांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. तो घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडावयाचा आणि खेळ गाण्याच्या टेपरेकॉर्डरवरून, साध्या कॅसेटमधून, त्याच्या स्मृतीत उतरवावयाचा. हे उतरविणे चार-पाच मिनिटे चाले. त्यातल्या मोठ्या प्रकाराची सारी स्मृती ४८ किलोबाइट! आज खिशातल्या मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्रास याच्या कितीतरी पट जागा लागते.

आपल्या देशातही ही यंत्रे आली. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचे नवे संगणक-धोरण जाहीर झाले. त्याच सुमारास शालेय मुलांस संगणकाची ओळख व्हावी म्हणून ‘क्लास’ नावाची योजना सुरू झाली व प्रथम सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो बसविण्यात आले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्तीही विकली. एखाद्या घरी परदेशी गेलेल्या काकांच्या पेटीतून असे यंत्र येई, आणि मग सबंध आळीची मुले त्या घरी जमत. त्या मुलांपैकीच काहीजण आज चाळिशी-पन्नाशीत ही यंत्रे पुन्हा धुंडाळीत आहेत.

आता आसक्तीचा विचार करू. वस्तू घरात आणून निरुपयोगी पाडून ठेवणे म्हणजे काय, याचे उदाहरण शोधण्यास देवासकरांना दूर जावे लागत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये काही महिने देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या दिवसांची पत्रे त्यांनी पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केली. राजवाड्यातील एका खोलीत पियानो, बाजाची पेटी अशी नवी कोरी वाद्ये त्यांना आढळली; पण माळव्याच्या कोरड्या हवेने लाकूड तडकलेले, पट्ट्या अडकलेल्या, आणि एकही वाजण्याजोगे नाही. महाराज मनाने मोठे उदार होते आणि फॉर्स्टरांचे त्यांच्यावर अपार प्रेम होते. म्हणून ही नोंद निंदेच्या सुरात घेऊ नये. पण ती वाद्ये कोणी फार वाजविली म्हणून बिघडली नव्हती. ती वाजविलीच गेली नव्हती.

यंत्रांचेही असेच आहे. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या जुन्या संगणकातील विद्युत्-संग्राहक, ज्यांना कारागीर कपॅसिटर म्हणतात, ते सुकतात किंवा पाझरतात आणि पाझरलेला द्रव तांब्याच्या रेषा खातो. स्पेक्ट्रमच्या कळांखालचा पातळ पापुद्रा कडक होऊन तुटतो. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा चिकट होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कॅसेटवर बुरशी चढते. तेव्हा काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला संगणक सुरक्षित आहे, हा समज खोटा आहे. तो दिसतो तसाच. फक्त आत मेलेला असतो.

याच्या उलट टोकाचा एक व्यवहार २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत झाला. १९९६ सालच्या एका खेळाची, सुपर मारिओ ६४ ची, वेष्टनही न फोडलेली एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरांना, म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने सुमारे साडेअकरा कोटी रुपयांना गेली. घेणाऱ्याने ती उघडली तर तिचे मोल त्या क्षणी कोसळणार. खेळासाठी जन्मलेली वस्तू, आणि तिच्याशी खेळणे हाच तिचा नाश! परिग्रह या शब्दाचा याहून नेमका अर्थ सांगता येईल असे मला वाटत नाही. आमच्या सभासदांच्या चिरंजीवांचे प्रकरण या जातीचे आहे काय, एवढेच पाहावयाचे.

पण आसक्ती हा एकच धोका नसतो. विस्मृती हाही धोकाच आहे, आणि त्याची साक्ष धारेत पडलेली आहे. लाट मशिदीपाशी लोखंडी खांबाचे तीन तुकडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. तिन्ही जोडले तर लांबी सुमारे तेरा मीटर भरते. परंपरा तो भोजराजाचा मानते. एवढा थोरला खांब त्या काळच्या लोहारांनी कसा घडविला, याविषयी आज केवळ अनुमाने आहेत. लोखंड शतकानुशतके टिकले, परंतु ते घडविणाऱ्यांची विद्या टिकली नाही.

आणि भोजराज तर यंत्रांचा मोठा रसिक! अकराव्या शतकात धारेस राज्य करणाऱ्या या राजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या, बोलणारे पोपट, पाणी पिणारा हत्ती, दारावर पहारा करणारे यांत्रिक द्वारपाल, पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी, कारंज्यांची धारागृहे असे त्याचे वर्णन आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यांतील पुष्कळ यंत्रे केवळ करमणुकीसाठी आहेत; विद्वान राजाला खेळाच्या यंत्रांवर लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. मात्र ग्रंथकार स्पष्ट सांगतो की यंत्रांची घडण येथे पूर्ण दिली नाही, ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखावी म्हणून. ज्याला ती हवी त्याने परंपरेने आलेले ज्ञान, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, हाताचा उद्योग आणि बुद्धी यांच्या योगे ती मिळवावी. ग्रंथ बडोद्याहून १९२४-२५ मध्ये छापून निघाला, पण तोवर ते पोपट आणि ते द्वारपाल कुठल्या कुठे गेले होते. परंपरेचा दुवा तुटल्यावर गुपिताचे रक्षण कोणासाठी झाले?

चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकाचा स्वभाव नेमका याच्या उलट होता, आणि मला वाटते, त्याच्या चाहत्यांच्या प्रेमाचे खरे कारण येथे आहे. यंत्र सुरू केले की ते ग्राहकास काही विकावयास धावत नसे. पडद्यावर एक रिकामी जागा दाखवून आज्ञेची वाट पाहत थांबे. स्पेक्ट्रमबरोबर स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेले बेसिक भाषेचे पुस्तक येई. मासिकांतून खेळांच्या सबंध आज्ञावली छापून येत. मुलाने त्या ओळीओळीने टंकित करावयाच्या, एक स्वल्पविराम चुकला तर खेळ चालत नसे, मग चूक शोधीत बसावयाचे. मूल खेळणारा म्हणून येई आणि नकळत रचणारा होऊन जाई.

या रचनेचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८४ साली केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल, यांनी बीबीसी मायक्रोसाठी ‘एलीट’ नावाचा अवकाशप्रवासाचा खेळ केला. यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट, आणि खेळात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे, प्रत्येकाचे नाव, राज्यपद्धती, बाजारभाव वेगळे. एवढे सगळे साठविणार कोठे? त्यांनी साठविलेच नाही. आरंभीच्या तीन संख्या घ्यावयाच्या, त्यांची बेरीज करून पुढची संख्या काढावयाची, तिच्यापासून पुढची. आणि प्रत्येक टप्प्यावर त्या संख्यांतून एक जग उभे करावयाचे. तारा गरजेपुरता प्रकट होतो आणि दृष्टीआड होताच नाहीसा होतो, पण पुन्हा गेलो तर तोच, त्याच नावाचा सापडतो. उपनिषदातील वटबीजाचा दृष्टांत ज्यांनी लहानपणी ऐकला आहे त्यांना हे वाचून काय आठवेल ते सांगावयास नको. (दृष्टांत फार ताणू मात्र नये, येथे बीज दोन तरुणांनी पेरले होते, आणि ते खेळाच्या विक्रीसाठी.)

‘परंतु वयस्क माणसाने खेळावे काय?’ हा आक्षेप मी लवकर आटोपतो. आपल्या आजोबांच्या पिढीत बुद्धिबळ आणि गंजिफा खेळणारे पुष्कळ सुज्ञ गृहस्थ होऊन गेले. खेळ सोडावा केव्हा, हे खेळणाऱ्याला कळते की नाही, एवढाच विवेकाचा मुद्दा. आज मोबाइलवरचे कित्येक खेळ मुद्दाम असे घडविलेले असतात की ते संपूच नयेत, आणि मध्येमध्ये पैसे मागावेत. जुन्या खेळाची किंमत एकदा दिली की दिली. तीन प्राण मिळत. ते गेले की डाव संपे, आणि पुन्हा मांडावयाचा तर पुन्हा आरंभापासून. एवढे मान्य करूनही जुने ते सारे सात्त्विक असे मी म्हणणार नाही. त्याही खेळांनी कित्येक मुलांच्या परीक्षा बुडविल्या आहेत.

संग्रहाचा खरा आदर्श पाहावयाचा तर तो पुन्हा देवासातच आहे. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयरोगाने आजारी होऊन हवापालटासाठी येथे आले. गाणे बंद झाले होते. अंथरुणावर पडून असता माळव्यातल्या बायकांची लग्नाची, सणाची, पावसाची गाणी त्यांच्या कानी येत. त्यांनी ती जमविली, लिहून घेतली. येथवर तो एक संग्रहच होता. परंतु ती वहीत मिटून राहिली नाहीत. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा ती लोकगीते मैफलीत आली, आणि त्या धुनांतून मालवती, लगनगांधार असे नवे राग उगवले. १९९२ मध्ये ते गेले. त्यांच्या शिष्यांच्या कंठात ते राग आजही आहेत. ज्या वस्तूचे प्राण वापरात असतात तिचा संग्राहक हा तिचा वाहकही असावा लागतो. नाहीतर तो तिचा पहारेकरी, आणि पहारेकऱ्यास आत काय आहे हे बहुधा ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, आता ते सारे खेळ नव्या संगणकात जुन्याची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर चालतात, मग ही अडगळ कशाला? युक्तिवाद वजनदार आहे. खेळ पुष्कळ अंशी अशा नकलांमुळेच वाचले, आणि त्यांतील कित्येक नकला मूळ मालकाच्या अनुमतीवाचून झाल्या. हा नीतीचा गुंता वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण मूळ यंत्र जवळ असल्याखेरीज नक्कल खरी उतरली की नाही हे ताडून पाहणार कशाशी? आणि सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. स्पेक्ट्रमच्या पोटात असलेली झेड-८० ही चकती १९७६ मध्ये निघाली. मूळ स्वरूपातील तिचे उत्पादन थांबवीत असल्याचे निर्मात्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. ज्यांना आज डाग देऊन ही यंत्रे दुरुस्त करता येतात, त्यांच्यामागे ते कोणाला येणार?

म्हणून सभासद महाशयांना माझे सांगणे असे. चिरंजीवांना छंद सोडा म्हणू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा. माडीवरच्या यंत्रांपैकी चालू किती आहेत? कोणते यंत्र कसे दुरुस्त केले याची वही आहे काय, आणि ती मराठीत किंवा हिंदीत, शेजारच्या मुलास वाचता येईल अशी आहे काय? आणि सूनबाईंना या खर्चाची खरी रक्कम ठाऊक आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले तर आधीच्या दोहोंचा विचार नंतर करावा. एकाच जातीची चार यंत्रे असतील तर एक चालू ठेवावे, एक सुट्या भागांसाठी, आणि उरलेली दोन धारेच्या किंवा देवासच्या एखाद्या शाळेला, शिकविण्याच्या अटीसह, देऊन टाकावीत. त्यांना ते जड जाईल.

राहता राहिली कॅसेट. त्यांच्याजवळ एका खेळाची अशी कॅसेट आहे की तिची दुसरी प्रत त्यांना आजवर कोठे आढळलेली नाही. वाजविली तर फीत झिजते, न वाजविली तर तिच्यावरची चुंबकीय लिपी हळूहळू मिटते. मग करावे काय, असे त्यांनी वडिलांकरवी विचारविले आहे. फीत एकदाच, जाणत्या माणसाला शेजारी बसवून, नव्या संगणकात उतरवून घ्यावी. आणि ती वाजत असता घरातल्या मुलांना झोपू देऊ नये. त्यांनाही ते चार-पाच मिनिटांचे किंचाळणे ऐकू द्यावे.